तीन टिंबांचे वजा पाच गुण

आधीच सांगून टाकतो, म्हणजे यानं स्वतःला झाकून दुसऱ्यांना शिव्या घातल्या असं नंतर कुणी म्हणायला नको. ‘जुनी चाकं’ या वेबसाइटवरचं ते गुणपत्रक मी लिहिलं. कल्पना चंद्रकांतरावांची, टाळ्या क्लबाच्या, पण ज्या चार ओळींनी लवळ्याच्या भैरूतात्याचं नाव मातीत घातलं त्या चार ओळी माझ्या बोटांनी टाइप केलेल्या आहेत. राग सगळ्यांचाच येतो. त्यात माझा मलाच जास्त येतो.

मी ऋषिकेश, मूळचा नांदेडकडचा. २००५ साली हिंजवडीच्या एका कंपनीत लागलो आणि तिथलं भाडं झेपेना म्हणून लवळ्यात खोली घेतली. घरमालक भैरूतात्या आणि त्यांची बायको रत्नाकाकी. तात्याच्या भावकीनं डोंगराकडची जमीन विकून दुमजली घरं उठवली होती. तात्यानं घरामागं भाड्यानं द्यायला तीन खोल्या काढल्या, पण फाट्यावरची पत्र्याची शेड काही विकू दिली नाही. तीत एक लेथ होतं, एक ऐरण होती, आणि बाहेर आंब्याखाली कायम एखादी अशी गाडी उभी असायची की रस्त्यानं जाणारी कॉलेजची पोरं रिक्षा थांबवून बघायची.

तात्या सोळाव्या वर्षी पुण्यात कॅम्पातल्या एका पारशी मालकाच्या गॅरेजात लागला आणि बहात्तरच्या दुष्काळात गावी परत आला, तो तयार हात घेऊनच. साठी उलटलेली, अंगानं किडकिडीत, बोलणं तोडून टाकल्यासारखं. काम उत्तम झालं तरी ‘झालं’ म्हणायचा नाही, ‘चालंल’ म्हणायचा. एकदा एक बिल्डर नवीकोरी गाडी घेऊन आला आणि जरा बघा म्हणाला. तात्यानं भोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “हिच्यात बगायचं काय? जुनी झाली की आना.” बिल्डरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आता मुद्द्याचं. ज्या मोटारीचा कारखाना तीस वर्षांपूर्वी बंद पडला, तिचा भाग आणायचा कुठून? पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला तर मिळाला. नाही तर तात्या ट्रकच्या मोडक्या एक्सलचं पोलाद घ्यायचा, लेथवर चढवायचा, आणि दोन दिवसांनी हुबेहूब भाग काढून द्यायचा. इतका हुबेहूब की मूळचा आणि त्याचा शेजारी ठेवले तर मला ओळखू येत नसे. मग तो एक गोष्ट करायचा, जी मी दुसऱ्या कुठल्याही मिस्त्रीला करताना पाहिली नाही. टोकदार पंच घ्यायचा, हातोडी घ्यायची, आणि त्या सुंदर भागावर, सहज दिसेल अशा जागी, तीन टिंबं ठोकायचा. शेजारी सालाचे दोन आकडे. तीन टिंबं आणि ९४. तीन टिंबं आणि ०३.

“एवढं छान काम केलं आणि त्यावर डाग कशाला पाडता?” मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं.

तात्यानं भाग कापडात गुंडाळला आणि भिकूची गोष्ट सांगितली. भिकू त्याच्याच आळीतला, लॉरीवर ड्रायव्हर. चौऱ्याहत्तर साली तात्यानं त्याच्या लॉरीच्या स्टिअरिंगची एक पिन घडवून दिली. वर्षभरानं लॉरी पुण्यातल्या एका मिस्त्रीकडे गेली.

“म्या ती पिन इतकी झ्याक केली हुती, त्येला वाटलं कंपनीचीच हाय. कंपनीची पिन धा वर्स टिकती. माझी दोन वर्सांत काडायची हुती. त्येनं हात लावला न्हाई. मुळशीच्या उतारावं लॉरी वळलीच न्हाई. भिकूचा पाय गेला.” मग म्हणाला, “त्या मिस्त्रीची चूक न्हाई. सांगितलंच कुटं हुतं म्या?”

भिकू नंतर पंधरा वर्षं जगला, कुबडीवर. तोपर्यंत दर पेरणीला तात्याचा नांगर आधी भिकूच्या रानात आणि मग स्वतःच्या. टिंबं त्या अपघातापासूनची. पुढच्या मिस्त्रीला कळावं की हा भाग घरचा आहे, अमुक सालचा आहे, आणि याच्यावर डोळा ठेवायचा आहे. भाग चांगला आहे की वाईट हे टिंबं सांगत नव्हती. फक्त खरं सांगत होती. एवढं साधं होतं ते, आणि एवढंच आमच्या शिकल्यासवरल्या क्लबाला कळलं नाही.

क्लब म्हणजे जुन्या मोटारींच्या शौकिनांचा. अध्यक्ष चंद्रकांतराव, एरंडवण्यात बंगला, बंगल्यात सहा मोटारी. माझ्याकडे एकही नव्हती, पण लहानपणी नांदेडला आमच्या गल्लीतल्या वकिलांची मॉरिस मी रोज कुंपणाबाहेरून बघायचो, ते खूळ डोक्यातून गेलं नव्हतं. क्लबाला वेबसाइट हवी आहे असं कळलं आणि मी फुकट करून देतो म्हणालो. त्या बदल्यात रविवारी त्यांच्या गाड्यांजवळ उभं राहायला मिळायचं. चंद्रकांतराव मला ‘आमचे कॉम्प्युटरवाले’ म्हणायचे आणि मी खूश व्हायचो. आज आठवलं तरी लाज वाटते.

त्या क्लबातल्या निम्म्या गाड्या तात्याच्या हातून गेलेल्या होत्या. हे मला माहीत होतं, मालकांना माहीत होतं, पण बैठकीत कुणी नाव काढायचं नाही. ‘आमच्याकडे एक माणूस आहे मुळशीकडे,’ एवढंच. पाहुण्यांना गाडीचं इंजिन कौतुकानं दाखवायचं आणि ज्यानं ते चालू केलं त्याला ‘एक माणूस’ म्हणायचं, हा मोठेपणा मला अजून समजलेला नाही.

२००८ च्या दिवाळीत वेबसाइटवर नव्या सोयी आल्या. फोटो क्लिक केला की आठपट मोठा व्हायचा. खरेदी-विक्रीचं पान आलं. सभासदांना एकमेकांशी बोलायला चर्चेचा फळा आला. आणि सगळ्यात मानाची सोय म्हणजे अस्सलपणाचं गुणपत्रक. क्लबाच्या परीक्षकानं गाडीचे चाळीस ठरलेले फोटो काढायचे, प्रत्येक भागापुढे ‘कारखान्याचा’ किंवा ‘बाहेरचा’ अशी खूण करायची, आणि माझा प्रोग्राम शंभरातून गुण काढायचा. बाहेरचा भाग दिसला की वजा पाच. काही बदललं तर पंधरा दिवसांत नवे फोटो आणि नवे गुण. गाडी चालते का, ब्रेक लागतात का, घाट चढते का, याला गुण नव्हते. मी विचारलंही नाही. मला गणित सुंदर दिसत होतं.

आणि मग माझं शहाणपण. नव्या सोयींबरोबर ‘अस्सल कसं ओळखाल?’ असं मदतीचं पान हवं होतं. मी तात्याच्या शेडमध्ये जाऊन टिंबांचा जवळून फोटो काढला आणि त्या पानावर टाकला. खाली लिहिलं की लवळे फाट्यावरचे मिस्त्री भैरू स्वतः घडवलेल्या प्रत्येक भागावर ही खूण करतात, असा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे. मला वाटलं, मी तात्याचा सत्कार केला. काकीला सांगितलंसुद्धा, “तात्यांच्या टिंबांचा फोटो जगभर दिसतोय.” तिनं त्या दिवशी मला शेवयाची खीर वाढली.

फोटो सगळ्यांनी बघितला. खालचा मजकूर कुणी वाचला नाही.

परीक्षकांना एकदम सोपं झालं. दुसऱ्या मिस्त्रींनी बसवलेले बाहेरचे भाग ओळखणार कसे? त्यांच्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. उलट काहींनी कंपनीचा खोटा शिक्का मारलेला, त्यांना पूर्ण गुण. टिंबं मात्र आठपट मोठी होऊन पडद्यावर झळकायची. ज्यांनी लपवलं ते सुटले आणि ज्यानं सांगितलं तो सापडला. महिन्याभरात फळ्यावर लिहिलेलं वाचलं, ‘तीन टिंबं दिसली की पाठ फिरवा.’ दुसऱ्यानं खाली लिहिलं, ‘गावठी हात लागलेली गाडी फुकटसुद्धा घेऊ नये.’ ज्यानं हे लिहिलं त्याची स्वतःची मोटार तात्यानं दोन पावसाळे शेडमध्ये ठेवून उभी केली होती. मी ते शब्द पुसले. अध्यक्षांचा फोन आला की सभासदांच्या मतस्वातंत्र्यावर घाला घालू नका. ते शब्द फळ्यावर परत आले.

संक्रांतीपर्यंत शेडबाहेरचा आंबा मोकळा झाला. ट्रॅक्टर यायचे, कॉलेजच्या पोरांच्या मोटारसायकली यायच्या. तात्या रोज शेड उघडायचा. लेथ पुसायचा, तेल द्यायचा, झाकून ठेवायचा. एके दिवशी म्हणाला, “पुन्यातली लोकं येईनाशी झाली. माझं काय चुकलं का काय, इचारशील का तुज्या कलबात?”

मला विचारायची गरज नव्हती. मी ऑफिसचा लॅपटॉप आणला, ओसरीवर बसलो आणि त्या दोघांना सगळं दाखवलं. फोटो, गुणपत्रक, वजा पाच, फळ्यावरचे शब्द. वाचूनही दाखवले, कारण न वाचता सांगणं म्हणजे परत लपवणंच होतं.

रत्नाकाकी पहिल्यांदा बोलली. “ह्ये तू लिवलंस?”

“गणित मी लिहिलं, काकी. शब्द त्यांचे.”

“गनित तुजंच न्हवं? मंग शब्दांनी काय केलं? गनितानंच केलं की!” ती उठून उभी राहिली. “आमच्या हितं जेवतुयास, आमच्या हितं झोपतुयास, आन आमच्याच मानसाच्या टाळक्यात दगुड घालतुयास? त्येनं चाळीस वर्स कुनाला फसवलं न्हाई म्हून त्येला गुन कमी? फसवलं असतं तर वाडवून दिलं असतंस व्हय?”

मी मान खाली घातली. तिचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. दिलं असतं मी वाढवून, अगदी पूर्ण शंभर.

तात्यानं मात्र पडद्याकडे बोट केलं. “ह्यो आकडा मोटा करून दाव. नव्व्यान्नव हाय न्हवं? ही डाक्टरांच्या फियाटची पिन.” आणि त्याला त्याचं काम पडद्यावर दिसल्याचा जो आनंद झाला, तो बघून मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी क्लबाच्या समितीपुढे गेलो. म्हणालो, ही खूण असेल त्या भागाला वजा पाच नको, आणि जमलं तर खुणेचं साल वेबसाइटवर लिहू, म्हणजे भाग कधी बदलायचा ते मालकाला कळेल. चंद्रकांतराव हसले. “ऋषिकेश, मग प्रत्येक गाडीखाली तारीख लागेल. किराणा मालाच्या पाकिटासारखी. विकताना कोण विचारील तिला?” ठराव नामंजूर झाला. आता कुणी म्हणेल, पासवर्ड तुझ्याकडे होता, मग बदलून का नाही टाकलंस? खरं सांगतो. मंदीचं वर्ष होतं, आमच्या मजल्यावरून दर शुक्रवारी कुणीतरी खोका भरून घरी जात होतं, आणि चंद्रकांतराव आमच्या डायरेक्टरांचे जिवलग मित्र होते. मी घाबरलो. दुसरं कारण नाही.

ज्या फियाटची पिन तात्यानं ओळखली, ती पौडच्या डॉक्टर दयानंदांची. पंचावन्न सालची, जिला आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणतात ती. मुळशीच्या आडगावांत बाळंतपणांना धावलेली गाडी. डॉक्टर आता सत्तरीचे, मुलीकडे बंगलोरला कायमचे निघाले होते आणि गाडी चांगल्या घरी पडावी एवढीच त्यांची इच्छा होती. पण वेबसाइटवर तिला चाळीस गुण होते. दहा ठिकाणी टिंबं, म्हणजे पन्नास गेले. सीटचं कापड आणि दिव्याची काच बदललेली, म्हणजे आणखी दहा. कुणी फोनसुद्धा करेना.

२००९ च्या उन्हाळ्यात डॉक्टर शेडवर आले. मी तिथंच होतो. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून त्यांनी शेवटी विषय काढला. “भैरू, तेवढी टिंबं घासून टाकतोस का? गाडी तीच, काम तुझंच. फक्त दिसायला नको.”

“डाक्टर, तुमी माज्या दोन लेकी हातावं घेतल्या. तुमी मागाल ते देईन,” तात्या म्हणाला. “पन ह्ये मागू नका.”

“अरे, एवढ्यानं काय होतंय?”

“उजव्या चाकाची पिन नव्व्यान्नवची हाय. तुमाला म्हनलो हुतो, औंदाच्या दसऱ्याला काडायची. टिंबं घासली तर घेनाऱ्याला कोन सांगनार? तुमी बंगलोरला. म्या हितं.” मग त्यानं लेथवरचं फडकं काढलं. “आत्ताच बदलून देतो. गाडी ठिवा दोन दिस.”

“आणि नव्या पिनेवर परत टिंबं?”

“व्हय तर.”

डॉक्टर उठून गाडीत बसले. माणूस वाईट नव्हता. पण चांगल्या माणसाला त्याच्याच चांगल्या कारागिराकडे असली मागणी करायला लावणारी चीज मी तयार केली होती. डॉक्टरांनी गाडी पुण्यातल्या एका गॅरेजला दिली. तिथं सगळी टिंबं घासली, खळग्यांत लांबी भरली, वर रंग मारला. नवे फोटो आले. नव्वद गुण! फळ्यावर अभिनंदनाचा पाऊस पडला. चंद्रकांतरावांनी स्वतःच गाडी घेतली आणि डॉक्टर बंगलोरला गेले.

पडद्यावर ते नवे फोटो मी तात्याला दाखवले. तो पुढं वाकला. “पिनेचं डोकं सगळं लिंपलंय रं. ग्रीस घालायचं भोक बी बुजवलं! कोरडी फिरल ती.” पहिल्यांदाच त्याचा आवाज चढलेला ऐकला. “मानसं हायेत का कोन हायेत ही? जा, त्येला सांग. पिन काडायला पायजे म्हनावं. फुकट करतो. पर काड म्हनावं.”

मी एरंडवण्याला गेलो. चंद्रकांतराव व्हरांड्यात चहा घेत होते. मी चाकाची, ग्रीसची, दसऱ्याची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, “नव्वद गुणांची गाडी आहे. गुण तुमच्याच प्रोग्रामनं दिलेत ना? मग तुमचा प्रोग्राम खोटा की तुमचा मिस्त्री?”

“प्रोग्राम खोटा,” मी म्हणालो.

“मग ते बैठकीत सांगा,” ते म्हणाले आणि हसून विषय संपवला. “त्याचं गिऱ्हाईक तुटलंय म्हणून तो असं म्हणतोय. साधी गोष्ट आहे.” मी फाटकाबाहेर येऊन बसस्टॉपवर उभा राहिलो. ज्याचं गिऱ्हाईक आम्ही तोडलं, त्यालाच गिऱ्हाइकाचा भुकेला म्हणायचं!

दसरा गेला, दिवाळी गेली. तात्यानं दरम्यान नवी पिन घडवून ठेवली होती, कुणी मागितली नसताना. दर आठवड्याला मला विचारायचा, “गाडी कुटं भायेर काडली का त्येनं?” मी म्हणायचो, नाही, बंगल्यातच आहे. मग तो दम खायचा. डिसेंबरात मला उत्तर बदलावं लागलं. क्लबाची सहल निघणार होती. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशीचं धरण आणि पुढे ताम्हिणी घाट. बारा गाड्या. सगळ्यात पुढे अध्यक्षांची डुक्कर फियाट.

त्या रविवारी सकाळी नऊ वाजता लवळे फाट्याच्या पुढे, भर रस्त्यात, भैरूतात्या जॅक घेऊन उभा होता. मी शेजारी उभा होतो. एवढं तरी केलं म्हणून आज आरशात बघू शकतो.

फियाट करकचून थांबली. मागं अकरा गाड्यांची रांग, भोंगे, आरडाओरडा. चंद्रकांतराव खाली उतरले. “हा काय प्रकार आहे? रस्ता तुमच्या बापाचा आहे का?”

“रस्ता सरकारचा हाय,” तात्या म्हणाला. “पिन माजी हाय.” आणि खाली बसून त्यानं उजव्या चाकाजवळ जॅक लावलाही.

“पोलिसांना बोलवा! ऋषिकेश, तुमची नोकरी कुठे आहे माहीत आहे ना मला?”

“माहीत आहे,” मी म्हणालो. आणि बाजूला झालो नाही.

चाक जमिनीपासून वीतभर उचललं गेलं. तात्यानं एक हात टायरच्या वर, एक खाली धरला आणि हलवलं. चाक आत-बाहेर हललं. लहान पोराचा दुधाचा दात पडायच्या आधी हलतो, तसं. खट्, खट् आवाज आला. मागून उतरून आलेले सभासद वाकून बघू लागले. हे सगळे शौकीन होते, चाकात एवढा खेळ असला तर काय होतं ते त्यांना शिकवायला नको होतं.

चंद्रकांतराव म्हणाले, “जुन्या गाडीत थोडंफार असतंच. हळू जाऊ.”

तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. त्यांच्या पत्नी रजनीताई उतरल्या, येऊन चाकापाशी वाकल्या, स्वतः हात लावून ते हलवून बघितलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, “तुम्ही हळू जा नाही तर जोरात जा. मी या गाडीत बसणार नाही. आणि किल्ली द्या इकडे.”

बाकीच्या गाड्या बाजूनं निघून गेल्या. कुणी तात्याशी एक शब्द बोललं नाही. मी आणि दोन रिक्षावाल्यांनी फियाट जॅकच्या ट्रॉलीवर हळूहळू शेडपर्यंत आणली. दुपारी तीनपर्यंत तात्यानं काम केलं. जुनी पिन बाहेर काढून फडक्यावर ठेवली तेव्हा तिच्या कमरेला खोलवर चर पडला होता आणि चराच्या बुडाशी बारीक तडा. रजनीताईंनी ती हातात घेतली आणि खुर्चीवर बसून राहिल्या. काकीनं त्यांना चहा दिला.

चंद्रकांतरावांना शेवटपर्यंत एकच काळजी. “हे बघा, नव्या पिनेवर ते तुमचं काही करू नका. मी जास्त मजुरी देतो.”

“ठोकून ठिवलंय कवाच,” तात्या म्हणाला. “आन मजुरी न्हाई घेनार. म्याच आडीवली गाडी.” त्यानं ग्रीसचं तोंड साफ केलं, ग्रीस भरलं, चाक दोनदा फिरवलं आणि म्हणाला, “चालंल.”

चंद्रकांतरावांनी आभार मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर सहलीचं वर्णन आलं, त्यात लिहिलं होतं की एका स्थानिक व्यक्तीनं रस्ता अडवल्यामुळे अध्यक्षांना सहल अर्धवट सोडावी लागली. स्थानिक व्यक्ती! चर पडलेल्या पिनेचा फोटो मी फळ्यावर टाकला, तो तासाभरात काढला गेला. चौथ्या दिवशी माझा पासवर्डही बंद झाला. नोकरी मात्र राहिली. बहुधा रजनीताईंमुळे, मला खात्री नाही.

पंधरा दिवसांनी नियमाप्रमाणे परीक्षकानं गाडीचे नवे फोटो चढवले. आता मी बाहेरचा माणूस, बाहेरूनच बघत होतो. उजवं चाक पूर्ण वळवलेलं, चाकावरच्या कमानीतून आत कॅमेरा, पिनेचं डोकं आठपट मोठं. तीन टिंबं आणि ०९, उन्हात लखलखीत. खाली माझ्याच प्रोग्रामनं, माझ्याच चार ओळींनी आकडा बदलला होता. नव्वदवरून पंच्याऐंशी. घाटात मोडणार होती तेव्हा नव्वद, आणि आता दहा वर्षं बिनघोर चालेल तर पंच्याऐंशी.  लॅपटॉप घेऊन मी तसाच शेडवर गेलो.

तात्या लेथला तेल देत होता. मी पडदा त्याच्यापुढे धरला. “बघा, तात्या! बघा या नालायकांचा न्याय. तुम्ही जीव वाचवला आणि गाडीचे पाच गुण कमी झाले!”

तात्यानं हात पुसले. डोळे बारीक करून बराच वेळ फोटोकडे पाहिलं. पाच हा आकडा त्याला मी बोट ठेवून दाखवला.

“पाच कमी क्येलं मंजी त्यास्नी टिंबं दिसली,” तो म्हणाला. “मंग पुडच्या मिस्त्रीला बी दिसतील. बास.”